सेकंडहँड स्पोर्ट बाईक घेतलीत? तिची दुखणी अशी शोधा

वापरलेली स्पोर्ट बाईक घरी आली की आठवडाभरात काहीतरी कुरकुर सुरू होतेच. सकाळी सेल्फ मारला की खडखड, सिग्नलला गाडी बंद, जरा पीळ (अॅक्सिलरेटर) दिला की झटके. मग एक मित्र म्हणतो क्लच प्लेटा गेल्या, दुसरा म्हणतो इंजिन उघडावं लागेल. अंदाजपंचे पार्ट बदलत गेलात तर पैसे जातात आणि दुखणं जागच्या जागी राहतं.

आपल्याकडच्या सेकंडहँड बाजारात ज्या गाड्या फिरतात, म्हणजे यामाहा आर१५, केटीएम आरसी २०० आणि ३९०, पल्सर आरएस२००, होंडा सीबीआर२५०आर, निन्जा ३००, त्या सगळ्या लिक्विड कूल्ड आणि फ्युएल इंजेक्शनच्या आहेत. त्यामुळे तपासणीचा क्रम सगळ्यांना एकच चालतो. माझी आर१५ व्हर्जन २ आहे, म्हणून उदाहरणं तिची जास्त येतील.

क्रमाचं सूत्र असं: जे स्वस्त आहे आणि हाताला लागतंय ते आधी, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि इंजिनाला हात सगळ्यात शेवटी.

हाताशी काय हवं

- एलन की आणि बॉक्स पाने. स्पोर्ट बाईकचं निम्मं अंग एलन बोल्टवर असतं.
- स्पार्क प्लगचा पाना. साधा पाना टाकीखालच्या खोल भोकात उतरत नाही, पातळ आणि लांब लागतो.
- डिजिटल मल्टीमीटर. लाख मोलाचं हत्यार आहे, साधंसुधंही चालेल.
- मागचा पॅडॉक स्टँड, म्हणजे मागचं चाक उचलून धरणारा. या गाड्यांना बहुधा डबल स्टँड नसतो.
- टॉर्च, पांढरं फडकं, मार्कर, बोल्ट ठेवायला डब्या.
- तुमच्या मॉडेलचं ओनर्स मॅन्युअल. ऑइलचा ग्रेड, चेनचा ढिलेपणा, टायरमधली हवा हे आकडे त्यातूनच घ्यायचे, गॅरेजवाल्याच्या आठवणीतून नाही.
- कागदपत्रं: आरसी, विमा, पीयूसी, दोन्ही सह्या असलेले मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, गाडीवर कर्ज असेल तर फॉर्म ३५, दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, आणि मिळाली तर सर्व्हिसची जुनी बिलं.

१. नंबर जुळवा, इतिहास मागा

पाना उचलण्याआधी आरसीवरचा चॅसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरांशी ताडून बघा. चॅसी नंबर बहुधा हँडलच्या मानेजवळ असतो, इंजिन नंबर क्रँककेसवर. इंजिन नंबर वेगळा निघाला किंवा घासलेला दिसला, तर मेकॅनिकचा विषय तिथेच संपतो. आधी विकणाऱ्याला गाठा.

मग अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर देऊन जुन्या सर्व्हिसची नोंद विचारा. शेवटची नोंद १४ हजार किलोमीटरला असेल आणि मीटर आज ११ हजार दाखवत असेल, तर उरलेल्या कहाणीवर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

विमा नावावर करायला हस्तांतरणापासून १४ दिवस मिळतात. गाडी दुरुस्त होईपर्यंत थांबू नका.

२. थंड इंजिन ऐका

तापलेलं इंजिन बरंच काही लपवतं. म्हणून रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी स्वतः सुरू करा. चावी फिरवली की टाकीखालून दोन-तीन सेकंद ‘झूं’ असा फ्युएल पंपाचा आवाज यायला हवा. तो आलाच नाही तर किल स्विच, फ्यूज, रिले आणि मग पंप, या क्रमाने बघा.

गाडी सुरू झाली की अॅक्सिलरेटरला हात लावू नका. फक्त ऐका.

पहिले काही सेकंद खडखड करून आवाज थांबला, तर टायमिंग चेनचा टेन्शनर (इंजिनातली ही चेन ताठ ठेवणारा भाग) संशयित. ‘टिकटिक’ वेगाबरोबर वाढत राहिली तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट. क्लच लिव्हर दाबला की आवाज बदलतो का तेही बघा. बदलत असेल तर भानगड क्लचच्या बाजूला आहे. मात्र खोलातून ‘ठक ठक’ येत असेल आणि पीळ दिल्यावर जोर धरत असेल, तर तो कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) बेअरिंगचा असू शकतो. अशी गाडी चालवून बघू नका, बंद करा आणि टेम्पोत घालून न्या.

आवाज नेमका कुठून येतो ते कळत नसेल तर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवा. हेड, क्लच कव्हर, मॅग्नेट कव्हर अशी एकेक जागा घ्या. फिरत्या चेनपासून आणि पंख्यापासून हात लांब.

धूर मागून दुसऱ्याला बघायला सांगा. थंडीत आणि पावसाळ्यात सुरुवातीची पांढरी वाफ साधी असते, ती विरते. विरली नाही आणि गोडसर वास आला तर कूलंट जळतंय. निळा म्हणजे ऑइल, काळा म्हणजे पेट्रोल जास्त.

३. फेअरिंग उतरवा

फेअरिंग म्हणजे गाडीभोवतीचं प्लास्टिकचं आवरण. हे काम टाळू नका. साध्या बाईकवर गळती लगेच दिसते, स्पोर्ट बाईकवर ती प्लास्टिकच्या आत सुकून बसते. उतरवण्याआधी फोटो काढा. प्रत्येक बोल्टची लांबी वेगळी असू शकते, म्हणून पुठ्ठ्यावर फेअरिंगचं चित्र काढून बोल्ट त्या त्या जागी टोचून ठेवा. प्लास्टिकच्या खुंट्या रबरात बसलेल्या असतात, त्या सरळ रेषेत ओढायच्या, तिरपं ओढलं की तुटतात.

आत काय बघायचं? बोल्टांची डोकी. क्लच कव्हर किंवा हेडच्या बोल्टांचा रंग उडालेला, कोपरे गोल झालेले आणि जोडातून सिलिकॉनची लांबट गाठ बाहेर डोकावते, म्हणजे इंजिन उघडलं गेलंय. उघडलं हा गुन्हा नाही, पण का उघडलं ते विकणाऱ्याला विचारा. उत्तर टाळलं जात असेल तर तेही उत्तरच.

मग गाडी पडली होती का ते. फेअरिंगचा रंग आणि स्टिकर नवे करता येतात, पण हँडलचा स्टॉपर बहुतेक जण विसरतात. हँडल पूर्ण वळल्यावर जिथे अडतं तो चॅसीवरचा छोटा ठोकळा. तो चेपलेला, तुटलेला किंवा वेल्डिंग करून वर रंग मारलेला असेल, तर गाडी समोरून जोरात आपटलेली आहे. मग पायरी ९ आधी करा.

४. ऑइल आणि कूलंट

ऑइल तपासायची पद्धत मॉडेलप्रमाणे बदलते. काहींना काचेची खिडकी, काहींना डिपस्टिक, आणि डिपस्टिक आटे लावून मोजायची की नुसती टेकवून, हेही मॅन्युअलच सांगतं. गाडी मात्र सरळ उभी हवी, साईड स्टँडवर नाही.

जुनं ऑइल स्वतः काढा आणि लगेच फेकू नका. दोन बोटांत घेऊन उन्हात धरा. अगदी बारीक चंदेरी झाक चालते. नखाला लागणारे कण, पितळी रंगाच्या कपच्या किंवा चुंबकाला न चिकटणारे तुकडे चालत नाहीत. फिल्टर कागदी असेल तर त्याच्या घड्या कापून उलगडून बघा, बेअरिंगची कहाणी तिथे सापडते.

ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर पाणी मिसळतंय. इथे एक फसगत होते. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चाललेल्या गाडीत फिलर कॅपखाली पिवळट साय जमते, ती हवेतल्या दमटपणाची. खालून काढलेलं सगळं ऑइलच दुधाळ असेल तर मात्र वॉटर पंपाचं सील किंवा हेडचं पॅकिंग. पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं. तिथून कूलंट टिपकत असेल तर पंपाचं सील, ऑइल टिपकत असेल तर आतलं ऑइल सील. ते भोक कंपनीने मुद्दाम ठेवलेलं असतं, गळती थांबवायला एम-सील लावून बुजवू नका. पाणी मग आत जातं.

कूलंट थंड असताना बघा. हिरवं, निळं, लाल कसंही असो, स्वच्छ हवं. गंजकट तांबूस असेल तर आधीच्या मालकाने नळाचं पाणी भरलंय. सगळं काढून डिस्टिल्ड पाण्याने धुवा आणि तयार कूलंट भरा. भरल्यावर हवा काढायला विसरू नका, नाहीतर पुढच्याच सिग्नलला गाडी तापेल.

५. बॅटरी, चार्जिंग आणि वायरिंग

इंजेक्शनच्या गाडीत निम्म्याहून जास्त ‘इंजिनाची’ दुखणी इथे निघतात, असा माझा ठाम समज झाला आहे. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून तीन मापं घ्या:

- गाडी बंद, रात्रभर उभी: १२.६ च्या आसपास उत्तम, १२.० च्या खाली बॅटरी उतरलेली.
- सेल्फ मारताना: १० च्या बरंच खाली जात असेल तर बॅटरी थकलीय किंवा टर्मिनलला गंज आहे.
- इंजिन चालू, आरपीएम ४ ते ५ हजार: १३.५ ते १४.५.

तिसरं माप १३ च्या खाली राहिलं तर स्टेटर (इंजिनातली वीज तयार करणारी कॉइल) किंवा रेग्युलेटर-रेक्टिफायर (ती वीज बॅटरीला चालेल अशी करणारा भाग). १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेलाच, बॅटरी उकळायच्या आधी गाडी थांबवा. थ्री-फेज चार्जिंग असेल तर स्टेटरच्या एकाच रंगाच्या तीन वायर कपलरमधून (वायरी जोडणारा प्लग) सोडवून मल्टीमीटर एसीवर ठेवा आणि जोडी-जोडीने मोजा. तिन्ही आकडे सारखे हवेत. गाडी बंद करून त्यातली कुठलीही वायर बॉडीला अर्थ दाखवत असेल तर स्टेटर जळाला. नवीन बॅटरी टाकण्याआधी हे करा. स्टेटर मेलेला असेल तर नवी बॅटरीही लवकरच बसते.

आता वायरिंग. आधीच्या मालकाने लावलेले एलईडी, जादा हॉर्न, अलार्म, मोबाईल चार्जर हे पहिले आरोपी. माझी गाडी यू-टर्न घेताना बंद पडायची आणि लगेच पुन्हा सुरू व्हायची. दोन गॅरेजांत फ्युएल पंप बदलायचा सल्ला मिळाला. शेवटी गाडी स्टँडवर लावून इंजिन चालू ठेवलं आणि हँडल हळूहळू डावीकडे नेलं. पूर्ण डावीकडे जाताच मीटर काळा पडला. मानेपाशी सगळी वायरिंग काळ्या झिप टायने चॅसीला घट्ट आवळलेली होती, आणि इग्निशनच्या वायरीवर हॉर्नची वायर नुसती पिळून वर टेप गुंडाळलेला. टेप काढला तर आत तांबं हिरवं पडलेलं आणि दोन-तीन तारा शिल्लक. टाय कापला, जोड सोल्डर करून वर स्लीव्ह चढवली, हँडल वळताना ताण येणार नाही इतकी वायर ढिली सोडली. पंप अजून तोच आहे.

म्हणून गाडी चालू ठेवून हँडल दोन्हीकडे वळवा, कपलर हलवा, सीटखालचे फ्यूज बघा. २० चा फ्यूज जिथे १० चा हवा, तिथे कुणीतरी शॉर्ट सर्किट शोधायचा कंटाळा केलेला आहे. साईड स्टँडला स्विच असलेल्या गाड्यांत, चिखलाने तो स्विच अडकला तरी गाडी गिअर टाकताच बंद पडते.

इंजिनाचा पिवळा दिवा पेटत असेल तर कोड वाचा. यामाहाच्या जुन्या सिंगल सिलिंडर गाड्यांत इंजिन थांबल्यावर तो दिवाच मिचकावून आकडा सांगतो. लांब मिचकावणं दहाचं, आखूड एकाचं. १२ म्हणजे क्रँक सेन्सर, १५ थ्रॉटलचा सेन्सर, २१ कूलंटच्या तापमानाचा, ३३ इग्निशन कॉइल, ४६ पॉवर सप्लाय. बाकी बऱ्याच गाड्यांना स्कॅनर लागतो. कोड सेन्सरचं नाव घेतो म्हणून सेन्सरच खराब, असं नाही. आधी त्याचा कपलर आणि वायर बघा.

६. झटके, मिसिंग, बंद पडणं

विजेचं निस्तरलं असेल तर आता पेट्रोल, हवा, ठिणगी.

पेट्रोल: महिनोन्‌महिने उभी असलेली गाडी असेल तर टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. पावसाळी प्रदेशात आणखी एक गंमत. स्पोर्ट बाईकचं टाकीचं झाकण सपाट असतं आणि त्याच्या खाचेतलं पाणी एका बारीक नळीतून खाली जातं. ती नळी चिखलाने तुंबली की पाणी खाचेत साठतं आणि झाकण उघडताच टाकीत. थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उभं ठेवा, पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसेल. इथेनॉलमिश्रित पेट्रोल बरंच पाणी धरून ठेवतं आणि मग एकदम सोडून देतं, म्हणून हे दुखणं कधी आहे, कधी नाही असं वागतं.

हवा: एअर फिल्टर काळा झालेला असेल तर नवा टाका. तेलकट कागदी फिल्टर धुवायचा नसतो, हवेने झटकायचाही नसतो. थ्रॉटल बॉडी आणि हेड यांच्यामधल्या रबराला चीर गेली की आयडल (पीळ न देता इंजिनाचा वेग) वर चढतं आणि खाली यायला वेळ घेतं. लोक तिथे कार्ब क्लीनर मारून बघतात. तापलेल्या इंजिनावर तो पेटू शकतो, साबणाचं पाणी फवारा. कंपनीचा सोडून बाहेरचा सायलेन्सर लावलेला असेल आणि पीळ सोडल्यावर फटाके वाजत असतील, तर आधी सायलेन्सरच्या तोंडाशी असलेलं पॅकिंग तपासा.

ठिणगी: प्लग काढायच्या आधी खड्ड्यातली माती हवेने उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाईल. टोक फिकट तपकिरी हवं. काळं आणि कोरडं म्हणजे मिश्रण पेट्रोलकडे झुकलेलं, अगदी पांढरं म्हणजे पेट्रोल कमी, तेलाने ओलं म्हणजे ऑइल वर येतंय. नवा प्लग आधी बोटांनी आटे धरेपर्यंत फिरवा, मगच पाना. हेड अॅल्युमिनियमचं असतं, आटे गेले की प्लगच्या किमतीचं काम लेथवर जातं.

एवढं करूनही ताकद नसेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. वाढला तर पिस्टनच्या रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग. काही इंजिनांत ऑटो-डिकॉम्प्रेशन (सेल्फ मारताना दाब कमी करणारी सोय) असतं, त्यांचा आकडा मुळातच कमी येतो. तुमच्या इंजिनाचा आकडा माहीत नसताना कुणी ‘कॉम्प्रेशन गेलंय’ म्हणालं तर घाबरू नका.

७. गाडी तापते

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, तोंडावर उकळतं पाणी येतं. थंड असताना लेव्हल बघा, मग पंखा. ट्रॅफिकमध्ये पंखा सुरूच होत नसेल तर त्याच्या कपलरवर बॅटरीचे थेट १२ व्होल्ट देऊन बघा. फिरला तर मोटर बरी, दोष रिले, फ्यूज किंवा सेन्सरमध्ये. रेडिएटरच्या पुढच्या जाळीत पुढच्या चाकाने उडवलेला चिखल विटेसारखा भाजून बसतो. जेट वॉशरने उडवू नका, पातळ पत्रे वाकतात. भिजवून, मऊ ब्रशने काढा. इंजिन थंड, झाकण उघडं आणि गाडी सुरू केल्यावर कूलंटमधून सतत बुडबुडे येत राहिले तर हेडचं पॅकिंग.

८. क्लच, गिअर, चेन

क्लच केबलला थोडी मोकळीक हवी. ती ताणलेली असेल तर चांगला क्लचही घसरतो. गाडी चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये कमी वेगात ठेवून एकदम पीळ द्या. आरपीएम पळालं आणि गाडी तिथेच, तर प्लेटा. पण आधी विचारा की ऑइल कोणतं भरलंय. कारचं ऑइल भरलेलं असेल तर ओला (इंजिन ऑइलमध्येच चालणारा) क्लच त्यामुळेही घसरतो.

चेन मागच्या स्प्रॉकेटवरून मागे ओढा. निम्मा दात उघडा पडला तर चेन संपली. चेन, पुढचं आणि मागचं स्प्रॉकेट असं पूर्ण किटच बदला. चाक फिरवताना एका जागी चेन ताठ आणि दुसरीकडे ढिली होत असेल तर ताठ जागेवर अॅडजस्ट करा.

९. हँडल, फोर्क, चाकं, ब्रेक

पुढचं चाक अधांतरी करून हँडल हलकेच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या. मधोमध खाच लागल्यासारखं अडकलं तर कोनसेट (हँडलच्या मानेतली बेअरिंग) गेला. फोर्क (पुढचे शॉकअप) धरून पुढे-मागे हलवा, खळखळ जाणवली तर कोनसेट ढिला. चाक आडवं हलवलं आणि खेळ दिसला तर बेअरिंग.

फोर्कच्या पाइपवर टॉर्चचा उजेड लांबीच्या दिशेने पाडा. उजेडाची रेघ एखाद्या जागी वळली तर पाइप वाकलेला. तेलाचं कडं दिसलं तर सील. वाकलेला पाइप सरळ करून देणारे असतात, मी त्यावर पुढचं चाक सोपवणार नाही.

टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही ताजी दिसो, रबर जुनं की ओल्या रस्त्यावर धोका. मूळ मापही बघा. आर१५ व्हर्जन २ ला मागे १३०/७० आहे. दिसायला रुंद टायर टाकला की वळणात हँडल जड लागतं आणि माणूस विनाकारण कोनसेट बदलतो.

डिस्कवरच तिची किमान जाडी कोरलेली असते. चाक हाताने फिरवल्यावर घट्ट लागत असेल तर कॅलिपरच्या पिना साफ करून त्यांना योग्य ग्रीस लावा. ब्रेक ऑइल काळपट असेल तर बदला, ते रंगावर सांडू देऊ नका.

१०. मगच घाटात

वरचं सगळं झाल्यावर चाचणी. ब्रेक आणि टायर ठीक असतील तरच. कात्रजच्या जुन्या घाटासारखा मध्यम चढ-उतार पुरतो. चढताना तापमान आणि क्लच बघा. उतरताना पीळ सोडून इंजिन ब्रेकिंगवर या आणि खाली आल्यावर हलका पीळ द्या. मागून येणाऱ्या मित्राला त्या क्षणी निळा धूर दिसला तर व्हॉल्व्हची सीलं. चढावर जोर लावताना दिसला तर रिंगा. दोन्हींच्या खर्चात बराच फरक आहे, म्हणून हे नीट बघायला लावा.

११. गॅरेजला नेताना

‘गाडी बरोबर चालत नाही’ असं सांगू नका. कधी, किती आरपीएमला, थंड की गरम, पाऊस होता का, हे कागदावर लिहून द्या आणि मोजलेले व्होल्टही लिहा. निदान आधी, पार्टची यादी फोनवर, तुमच्या होकाराशिवाय इंजिन उघडायचं नाही, हे कामाला हात लावायच्या आधी ठरवून घ्या. बदललेले जुने पार्ट परत मागा. पुण्यात असाल तर नाना पेठेत जाऊन त्याच पार्टचा भाव काढता येतो, पण ऑइल सील, बेअरिंग आणि ब्रेक पॅड मूळ कंपनीचेच घ्या.

पैसे एकदम नसतील तर क्रम असा: टायर आणि ब्रेक, मग कोनसेट आणि चाकांची बेअरिंगं, मग कूलंट आणि चार्जिंग, मग चेन किट. क्लच घसरत असला तरी काही दिवस जपून चालवता येतो. निळा धूर थोडाच असेल तर दर पेट्रोल भरताना ऑइलची लेव्हल बघत राहा, आणि ते किती किलोमीटरला किती उतरतं ते लिहून ठेवा. इंजिन उघडायचं की नाही, ते त्या आकड्यावर ठरेल.